हातात पैसा आला की विधवा आई वेगळी राहते का?

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी आपण एका तालुक्यातील साठीपुढच्या विधवांची पाहणी करत आहात. आपला पेच असा, की उत्पन्न वाढले तशा वृद्ध विधवा मुलांपासून वेगळ्या राहू लागल्या असे अमेरिकेतील अभ्यास सांगतात, आणि आपल्या पाहणीत मात्र एकट्या राहणाऱ्या बायकाच सर्वांत गरीब निघतात. वृद्धांचा निवारा आणि निवृत्तीवेतन या विषयांत मी बराच काळ काम करत आले आहे, आणि माझ्या मते दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. उत्पन्नामुळे विधवेला कोठे आणि कोणासोबत राहायचे ते ठरवण्याची ऐपत येते. त्या ऐपतीतून ती काय ठरवते हे मात्र घर कोणाच्या नावावर आहे, कोणाला कोणाची गरज आहे आणि तिचे हातपाय किती चालतात यांवर अवलंबून असते. उत्पन्नच नसेल, तर ती एकटी असो वा मुलांत, तो निर्णय बहुधा दुसऱ्या कोणीतरी घेतलेला असतो.

अमेरिकेचे आकडे आधी पाहू. तेथे 1940 साली वृद्ध विधवांपैकी 18 टक्के एकट्या आणि 59 टक्के मुलांसोबत राहत होत्या. 1990 पर्यंत एकट्या राहणाऱ्या 62 टक्क्यांवर गेल्या आणि मुलांसोबत राहणाऱ्या 20 टक्क्यांवर आल्या. अर्थशास्त्रज्ञ कॅथलीन मॅकगॅरी आणि रॉबर्ट शोनी यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात या बदलाच्या जवळपास निम्म्या भागाचे श्रेय उत्पन्नवाढीला, विशेषतः सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे तेथील सरकारी निवृत्तीवेतनाच्या, वाढत्या रकमेला, दिले. तेथील कायद्यात 1939 साली विधवेसाठी पतीच्या निवृत्तीवेतनाच्या 75 टक्क्यांची सोय झाली आणि 1972 च्या दुरुस्तीने ती योग्य वयापासून 100 टक्क्यांपर्यंत गेली, हे लक्षात घेतले की त्या वाढीचे वजन कळते. त्याहून मला पटणारा पुरावा 2005 सालच्या एका अभ्यासाचा आहे. 1970 च्या दशकात निवृत्तीवेतन महागाईशी जोडताना सूत्रात चूक राहून महागाई दोनदा मोजली गेली आणि 1977 साली ती दुरुस्त झाली. परिणामी 1917 च्या थोडे आधी जन्मलेल्यांना घसघशीत रक्कम मिळाली आणि थोडे नंतर जन्मलेल्यांना कमी. दोन्ही गटांच्या रीतीभातीत किंवा मुलांच्या स्वभावात काही फरक नव्हता, फरक होता तो केवळ रकमेचा, आणि त्या फरकाचा राहणीवरचा परिणाम सर्वाधिक दिसला तो विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांमध्ये.

हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलण्याआधी त्याच देशाचा आधीचा शंभर वर्षांचा इतिहास पाहावा लागतो. इतिहासकार स्टीव्हन रगल्स यांनी जुन्या जनगणनांच्या आधारे दाखवले आहे, की एकोणिसाव्या शतकात तेथे सधन वृद्धच मुलांसोबत अधिक राहत होते आणि गरीब वृद्ध तुलनेने अधिक एकटे होते. कारण उघड आहे. शेती किंवा घरचा धंदा वडीलधाऱ्यांच्या नावावर असे, मुलाला तो पुढे मिळायचा असे, म्हणून मुलगा घरी थांबे. ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याच्याजवळ थांबण्याचे कारणही नसे. मुलांना पगारी नोकऱ्या मिळू लागल्यावर हे गणित मोडले. आपल्या तालुक्यातील चित्र 1990 च्या अमेरिकेपेक्षा या जुन्या चित्राशी अधिक जुळते, असे मला वाटते. दक्षिण आफ्रिकेचे उदाहरणही याच बाजूचे आहे. तेथे 1990 च्या दशकाच्या आरंभी कृष्णवर्णीय वृद्धांचे निवृत्तीवेतन गोऱ्यांच्या बरोबरीला आणले गेले आणि स्थानिक मिळकतीच्या मानाने ती रक्कम मोठी होती. तरीही निवृत्तीवेतन सुरू झाले म्हणून वृद्ध स्त्रिया एकट्या राहू लागल्या नाहीत. त्यांच्या घरातली माणसे बदलली. कमावत्या वयाच्या स्त्रिया कामासाठी बाहेर पडल्या आणि लहान मुले व तरुण स्त्रिया आजीच्या आसऱ्याला आल्या.

आता आपल्याकडे वळू. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये केलेल्या देशव्यापी वार्धक्य पाहणीत साठीपुढच्या शंभर व्यक्तींमागे साधारण सहा जण एकटे राहत असल्याचे आढळले, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून बरेच अधिक होते. वैधव्य हेच त्यामागचे मुख्य कारण आहे. आकडा लहान दिसतो, पण त्याच्या पोटात शिरल्यावर पहिली अडचण येते ती कुटुंब या संकल्पनेची. जनगणनेत आणि बहुतेक पाहण्यांत एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. पश्चिम महाराष्ट्रातील कोणत्याही मोठ्या गावात आपल्याला अशी घरे सापडतील, की सोप्यातली एक खोली म्हातारीची, मधली भिंत सामाईक, पलीकडे मुलगा आणि सून. म्हातारी सकाळी आपल्या शेगडीवर आपला चहा आणि दोन भाकरी करते, दुपारी नातवंडे तिच्याकडे येऊन खातात, संध्याकाळी सून कालवण आणून देते, आणि ताप आला तर मुलगाच दुचाकीवरून दवाखान्यात नेतो. पाहणी करणारा तिला ‘एकटी’ लिहितो आणि गाव तिला मुलांत राहणारी मानते. याच्या उलट, दोन-तीन मुलांत महिन्या-महिन्याची पाळी लावलेली आई कोणत्याही तारखेला ‘मुलासोबत’ नोंदली जाते, जरी तिची स्वतःची म्हणावी अशी खुंटीदेखील कोठे नसली तरी.

दुसरी अडचण मोजमापाची आहे आणि विद्यार्थ्यांकडून ती हमखास निसटते. दरडोई खर्चावरून घराची आर्थिक स्थिती काढली, तर एकट्या बाईचे घर आहे त्यापेक्षा सुस्थितीत दिसते, कारण दिवा, गॅस, घरपट्टी आणि पाणीपट्टी यांचा सगळा भार एकाच डोक्यावर पडतो आणि तो खर्च म्हणूनच नोंदला जातो. स्वतःचे उत्पन्न विचारले, तर मुलासोबत राहणारी विधवा पुष्कळदा शून्य सांगते, कारण जमिनीचे किंवा दुधाचे पैसे आले तरी ते तिच्या हातातून जात नाहीत. शिवाय कारण आणि परिणाम उलटे लागण्याची शक्यता मोठी आहे. पैसे मिळतात म्हणून ती एकटी राहते, की एकटी पडली म्हणून तिला निराधार अनुदान मंजूर झाले, हे एका भेटीच्या पाहणीतून कळत नाही. आपल्या निष्कर्षात ‘एकट्या त्या गरीब’ असे जे दिसते, त्याचा बराच भाग या दुसऱ्या प्रकारचा असावा.

महाराष्ट्रात गरीब विधवेच्या हाती येणारी रक्कम संजय गांधी निराधार अनुदान योजनेची किंवा, 65 वर्षांपुढे, श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेची असते. 2023 पासून ती महिना 1500 रुपये आहे, त्याआधी 1000 आणि त्याहीआधी 600 होती. दारिद्र्यरेषेखालील विधवेसाठी केंद्राचा वाटा 80 वर्षांपर्यंत महिना 300 रुपयेच आहे. या 1500 रुपयांत सिलिंडर भरला आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या, की उरते ते किराण्यालाही पुरत नाही. एवढ्या रकमेवर कोणी स्वतंत्र बिऱ्हाड थाटत नाही. मग तिचा परिणाम काय होतो? माझ्या पाहण्यात तो परिणाम घरातील वागणुकीत दिसतो. निराधारचा पगार जमा झाला, की त्यातून नातवाच्या वहीला दोनशे, सुनेच्या हातात पाचशे, आणि पुढच्या वारीसाठी शंभर बाजूला, असा हिशेब ती स्वतः करते. देणारी झाल्यामुळे तिच्या ताटाकडे कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही. म्हणजे लहान पण नियमित रक्कम बाईला मुलांतच, पण जरा ताठ मानेने, ठेवते. रक्कम चार-चार महिने अडली, की हाच तोल ढळतो. अनुदान वाढवल्याने कुटुंबे फुटतील अशी भीती जे व्यक्त करतात त्यांनी हे घर आतून पाहिलेले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कुटुंबे कागदोपत्री फुटतात ती मात्र योजनेच्या अटींमुळे. निराधार आणि श्रावणबाळ या दोन्ही योजनांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये आहे, आणि मोलमजुरी करणारा एक मुलगा एकत्र धरला तरी ती ओलांडली जाते. म्हणून शिधापत्रिका विभक्त करून घेतली जाते, तलाठ्याकडून आईच्या एकटीच्या उत्पन्नाचा दाखला काढला जातो आणि अर्ज तहसील कार्यालयात जातो. त्यातच अंत्योदयचे धान्य माणशी नसून कार्डामागे 35 किलो असते आणि निराधार विधवांची कुटुंबे त्या यादीत प्राधान्याने घेतली जातात, त्यामुळे आईचे कार्ड वेगळे असणे साऱ्या घराच्याच फायद्याचे ठरते. ही लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. 21,000 ही मर्यादाच आजच्या मजुरीला धरून नाही. पण आपण शिधापत्रिकेवरून कुटुंबरचना ठरवत असाल, तर आपल्या तालुक्यातील एकट्या विधवांची संख्या फुगलेली आहे हे नक्की समजा.

उत्पन्नापेक्षा मालमत्तेचा परिणाम खोल असतो आणि तो बहुतेक प्रश्नावल्यांत येतच नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला मुलांइतकाच वाटा दिला आणि तो पूर्ण मालकीने दिला. त्यापूर्वी 1937 च्या कायद्याखाली तिचा हक्क हयातीपुरता मर्यादित होता. प्रत्यक्षात नवऱ्याच्या तेराव्यानंतर वारसनोंदीसाठी सगळे तलाठ्याकडे जातात, सातबाऱ्यावर आईचे नाव लागते, आणि काही वर्षांनी कर्ज काढायचे आहे, विहीर घ्यायची आहे अशा निमित्ताने तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले जाते. ज्या घरी तिचे नाव सातबाऱ्यावर टिकले, तेथे पीककर्जाला तिची सही लागते, पीएम-किसानचे वर्षाचे 6000 रुपये आणि राज्याचे तेवढेच तिच्या खात्यावर येऊ शकतात, आणि मुख्य म्हणजे मुलाला तिच्याजवळ राहण्याचे कारण उरते. रगल्स यांनी सांगितलेली गोष्ट ती हीच. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे विवाहातील सामाईक मालमत्तेचा अर्धा भाग मुळातच पत्नीचा असतो, त्यामुळे तेथील विधवा वारस म्हणून मुलांकडे मागत नाही, स्वतःच्या निम्म्या हिश्शावर उभी असते. महाराष्ट्रातील आणि गोव्यातील विधवांची तुलना करणारे काम आपल्याकडे फार थोडे आहे, आणि आपल्याला पुढे संशोधन करायचे असेल तर विषय म्हणून मी हाच सुचवेन.

शहरात, विशेषतः मुंबईत, उत्पन्नाचा परिणाम घरांच्या किमतींमुळे झाकला जातो. लालबाग-परळच्या चाळीत गिरणी कामगाराची विधवा मुलगा-सुनेसोबत दहा बाय बाराच्या खोलीत राहते, याचा अर्थ ती मुलाच्या आधाराने राहते असा लावणे धाडसाचे आहे. खोली तिच्या नावावर असते आणि मुलाला बदलापूरपलीकडे भाड्याने जाणे परवडत नाही म्हणून तो तिच्याकडे राहतो. त्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 अन्वये जुन्या भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जाऊ शकतो. पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली, की वर्षानुवर्षे डोंबिवलीत राहणारा मुलगा आईच्या काळजीने परत येतो, हे शहरातल्या सामाजिक कार्यकर्त्यांना नवे नाही. ‘मुलांसोबत राहते’ या एकाच रकान्यात आईकडे राहणारा मुलगा आणि मुलाकडे राहणारी आई असे दोन वेगळे संसार कोंबले, तर उत्पन्नाचा कोणताही परिणाम आकड्यांत धड दिसणार नाही.

अमेरिकेसारखे वर्तन आपल्याकडे दिसते ते एका विशिष्ट थरात: नवरा सरकारी, बँकेत, विमा कंपनीत किंवा अनुदानित शाळेत नोकरीला, घर स्वतःचे, आणि मागे फॅमिली पेन्शन. केंद्र सरकारच्या नियमांत ती शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के, सुरुवातीचा काही काळ 50 टक्के, आणि किमान 9000 रुपये असते. तिला महागाई भत्ता लागतो आणि 80 वर्षांनंतर वाढही मिळते. सातारा, सांगली किंवा पुण्याच्या पेठांतील अशी बाई मुलगा बंगळूरला किंवा परदेशी बोलावत असूनही जात नाही. चार महिने जाऊन येते आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला हजर असते. तिला एकाकी म्हणून दया दाखवणाऱ्यांनी तिच्या भिशीचे, भजनी मंडळाचे आणि सकाळच्या फिरण्याच्या गटाचे वेळापत्रक पाहावे. हिच्या शेजारीच खासगी कारखान्यातील कामगाराची विधवा असते. तिला ईपीएस-95, म्हणजे भविष्य निर्वाह निधीला जोडलेल्या 1995 च्या निवृत्तीवेतन योजनेखाली, नवऱ्याच्या निवृत्तीवेतनाच्या निम्मे मिळते, किमान रक्कम 2014 पासून महिना 1000 रुपये. घर तेच, वस्ती तीच, मुलेही तितकीच मायाळू, पण ही मुलाकडे जाते, कारण विजेचे बिल आणि औषधे एकत्र आली की हजार रुपये संपतात. या दोघींतील फरक संस्काराचा म्हणून सांगितला जातो, तेव्हा मला नेहमी त्या दोन पासबुकांची आठवण करून द्यावीशी वाटते.

पैशाची ताकद मात्र वयाबरोबर कमी होते. पंचाहत्तरीपर्यंत, हातपाय चालतात तोवर, पुरेसे उत्पन्न म्हणजे वेगळे राहण्याची मुभा असते. मांडीचे हाड मोडले, विस्मरण सुरू झाले किंवा रात्री सोबत लागू लागली, की तेच उत्पन्न अपुरे ठरते, कारण चोवीस तासांच्या बाईचा खर्च साध्या फॅमिली पेन्शनलाही पेलत नाही. मधल्या टप्प्यावर डबा, धुणेभांड्याची बाई आणि शेजारचा भरवशाचा माणूस यांवर काही वर्षे निभावतात. म्हणून सर्व वयांच्या विधवा एकत्र धरून उत्पन्नाचा परिणाम काढू नये. साठ ते चौऱ्याहत्तर आणि त्यापुढे असे निदान दोन गट करावेत.

मुलांच्या उत्पन्नाबद्दल आपण विचारलेले नाही, पण ते सोडून उत्तर पुरे होत नाही. मुलगा अधिक कमावू लागला तर तो आईला सोबत नेईल की पैसे पाठवून गावीच ठेवेल, हे आधी सांगता येत नाही, कारण त्याच कमाईतून मोठे घरही घेता येते आणि दूरची नोकरीही पत्करता येते. मुलींच्या बाबतीत चित्र अधिक स्पष्ट आहे. जावयाच्या घरी कायमचे राहणे आपल्याकडे अजूनही कमीपणाचे मानले जाते, आणि ज्या विधवा तसे राहतात त्यांत स्वतःची पेन्शन असणाऱ्या मला अधिक आढळल्या आहेत. महिन्याला काही रक्कम घरात देता आली, की ‘जावयाच्या जिवावर’ हा टोमणा लागू होत नाही.

मुलांनी सांभाळावे म्हणून 2007 चा ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा आहे आणि प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरण महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह देवविते, पण ज्या आईला त्याच मुलाच्या घरात पुन्हा झोपायला जायचे आहे ती अर्ज करायला धजत नाही. हा कायदा वापरण्यासाठीही आधी राहायला दुसरी जागा लागते.

आपल्या प्रश्नावलीसाठी म्हणून एवढेच सुचवते. घर कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न उत्पन्नाच्या आधी घाला. चुली किती, दारे किती आणि सर्वांत जवळचे मूल किती अंतरावर राहते, हे वेगवेगळे विचारा. निवृत्तीवेतन कोणत्या वर्षी सुरू झाले आणि बाई या घरात किंवा या व्यवस्थेत कोणत्या वर्षापासून आहे, ही दोन वर्षे लिहून घेतली, की आधी काय झाले ते पुष्कळदा आपोआप कळते. बँकेचे कार्ड किंवा पासबुक कोणाजवळ असते, हेही विचारा. मात्र हे सगळे सून किंवा मुलगा समोर बसलेला असताना विचारू नका, कारण तेव्हा प्रत्येक आई मुलांतच सुखी असते.